हरिकेनचा उजवा पंख पिळलाय, आता जोडू का नको?

लातूरकर_हरिकेन

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली इथं निस्तं वाचत बसायचो, आज पहिल्यांदा लिहायलोय कारण माझं डोकं चालंना झालंय अन् घरात विचारावं तर बायको म्हणते तुम्हीच केलंय, तुम्हीच निस्तरा.

तर विषय असा की मी हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं उडणारं मॉडेल बांधायलोय. बाल्साचं (लई हलकं लाकूड), १/८ स्केल. खऱ्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.१९ मीटर, म्हणजे माझा १५२४ मिमी, बरोबर ६० इंच. हरिकेनच का, तर १९४४ ला इंफाळच्या लढाईत आपल्या हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन हेच विमान उडवत होती, अर्जन सिंग तिचे प्रमुख होते अन् त्यांना डीएफसी हे शौर्यपदक त्याच कामगिरीवर मिळालं. मला त्याच रंगात करायचंय, गडद निळा अन् फिका निळा गोल, मधी लाल ठिपका नाही (जपान्यांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपलीच माणसं आपल्यावर गोळी झाडतील म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल काढूनच टाकला होता). स्पिटफायर काय सगळेच करतात.

किट अर्धवट आहे, लेझरनं कापलेल्या रिबा (पंखाच्या फासळ्या) अन् फॉर्मर (बॉडीच्या चौकटी) आले, बाकी लाकूड मी जमवलं. प्लॅन इथल्याच एका दुकानातून छापून घेतला, जिथं दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर छापतात तिथंच, फ्लेक्सवर. लई हसला तो मुलगा, म्हणला काका यात फोटो कुणाचा टाकायचा.

पंख तीन तुकड्यात आहे. मधला भाग सपाट, त्यातच चाकं बसतात, अन् त्याच्या दोन्ही बाजूला बाहेरचे पंख ३.५ डिग्री वर उचललेले. बाहेरचा एक पंख ५६० मिमीचा, म्हणून टोक टेबलापासून ३४ मिमी वर यायला पाहिजे. डावा मी जानेवारीत केला, एकदम लोण्यासारखा झाला. उजवा आत्ता मे मध्ये केला. काल पहिल्यांदा प्लायचे ब्रेस (तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या) घालून, डिंक न लावता, तिन्ही तुकडे जोडून बघितले तर डावं टोक ३४ अन् उजवं ४३! नऊ मिमीचा फरक. मी म्हणलं जाऊ द्या, ब्रेस घासून मेळ घालता येईल. पण मग दोन्ही पंख सुटे करून एकेक टेबलावर ठेवला तर खरा घोळ कळला. डाव्याची ट्रेलिंग एज (मागची कड) टोकाला ३ मिमी वर आहे, प्लॅनमधी दिलंय तसा वॉशआउट, म्हणजे टोकाचा कोन मुद्दाम कमी. उजव्याची टोकाला २ मिमी खाली! म्हणजे उलटाच पीळ.

शीटिंग (रिबांवरची बाल्साची पातळ शीट) दोन्ही बाजूनं लागून, घासून, सगळं झालंय. आता काय करू? एक मित्र म्हणतो जोड अन् एलरॉनच्या (पंखामागची हलती पट्टी) ट्रिमनं, म्हणजे ती कायम जरा कलती ठेवून सरळ कर, एक म्हणतो फिल्म (पंखावरचं प्लास्टिकचं आवरण) लावताना इस्त्रीनं ओढून घे. मला दोन्ही पटंना. हा पंख टाकून नवा करावा तर बाल्सा संपलाय अन् परत मागवायचा म्हणजे तीन आठवडे.

परभणी_१०९

भाऊ आधी स्वागत. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, म्हणून मी मेसरश्मिट १०९, जर्मनांचं लढाऊ विमान, बांधलेला माणूस आहे, माझा सल्ला शत्रूचा समजून घे 😄

पहिला संशय माझा त्या फ्लेक्सवर. उन्हात फ्लेक्स ताणतो, आमच्या चौकातले बॅनर बघ दुपारी कसे पोट काढून लोंबतात. जानेवारीत एक माप अन् मे मध्ये दुसरं माप असं झालं असंल. दोन्ही पंखांच्या रिबांमधलं अंतर पट्टीनं मोजून सांग.

आता ट्रिमवाल्या मित्राबद्दल. त्याला माझ्याकडं पाठव. माझ्या १०९ चा पण उजवा पंख असाच वॉशइन (उलटा पीळ) खाल्लेला होता, मला माहीत होतं, पण पोळ्याच्या आधी उडवायचंच म्हणून जोडला. उडाला की! डावीकडं ओढायचा, चार टप्पे ट्रिम दिला, सरळ. दोन फ्लाइट अशा झाल्या की मी फोनवर सगळ्यांना सांगत सुटलो. तिसऱ्या फ्लाइटला लँडिंगला आणताना थ्रॉटल जरा जास्त कमी केला अन् पाच-सहा फुटावरून उजवा पंख एकदम खाली. एकदम म्हणजे एकदम, स्टिक हलवायला पण टाइम नाही. खाली तुरीचे खुंट. पुढचं काय सांगू.

खऱ्या १०९ ला याच भानगडीसाठी पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या होत्या, वेग कमी झाला की बाहेर यायच्या. माझ्या मॉडेलला त्या नुसत्या पेन्सिलनं काढलेल्या होत्या. पेन्सिलीचा काय उपयोग होत नाही, हे स्वतः तपासून बघितलंय.

एक चांगली गोष्ट पण सांगतो १०९ ची, तिची चाकं बॉडीला लागलेली, पंखाला नाही, त्यामुळं विमान स्वतःच्या चाकावर उभं ठेवून पंख काढता यायचा. म्हणून माझा पंख तुटला तरी बाकीचं विमान घरात शाबूत उभं आहे. पंखाशिवाय.

वाळूज_फिटर

लातूरकर, तीन प्रश्न. उत्तर आल्याशिवाय ब्लेड, सँडपेपर, कशालाही हात लावू नका.

एक, तो ३४ आणि ४३ कुठं मोजला? लीडिंग एजला (पुढची कड), ट्रेलिंग एजला का स्पारवर (पंखातला लांबीभर दांडा)? पिळलेल्या पंखाचं टोक तीन ठिकाणी तीन मापं देतं. डायहेड्रल, म्हणजे पंख वर उचलल्याचा कोन, नेहमी स्पारवर मोजायचा.

दोन, शीटिंग कशानं चिकटवली?

तीन, कूलर कुठं आहे?

लातूरकर_हरिकेन

परभणी भाऊ, रिबांचं अंतर मोजलं, दोन्हीकडं सारखंच आहे, फ्लेक्स निर्दोष सुटला.

फिटर सर, लीडिंग एजला मोजलं होतं. आत्ता स्पारवर मोजलं, डावा ३५, उजवा ४२. म्हणजे नऊचे सात झाले, असं कसं काय झालं ते मला अजून नीट कळलं नाही पण बरं वाटलं.

शीटिंग पांढऱ्या फेव्हिकॉलनं. इन्स्टंट गमचा वास घरात चालत नाही.

अन् कूलर... सर तुम्हाला कसं कळलं कूलर आहे म्हणून? टेबलाच्या उजव्या अंगाला खिडकीत आहे, चार फुटावर. ४२ डिग्रीत त्याच्याशिवाय बसवत नाही. (२०१६ ला इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचे तेव्हा कूलर भरायला लाज वाटायची, आता परत सवय लागलीय.)

वाळूज_फिटर

मे महिन्यात मराठवाड्यात फेव्हिकॉलनं शीटिंग करणारा माणूस कूलरशिवाय बसला असेल तर त्याचा सत्कार करायला पाहिजे, त्यात कळायचं काय आहे. जानेवारीतला पंख सरळ आणि मे मधला वाकडा, माणूस तोच, टेबल तेच, प्लॅन तोच. मग बदललं काय?

आता नीट सांगतो. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, लोखंडाचं काम केलं, लाकूड रिटायर झाल्यावर शिकलो, त्यामुळं लाकडाच्या खोड्या मला जास्त टोचतात. बाल्सा म्हणजे स्पंज. फेव्हिकॉलमधलं पाणी पितो, कूलरची ओली हवा पितो आणि फुगतो, आडव्या रेषेत जास्त, उभ्यात जवळजवळ नाहीच. दीड मिमीची शीट एका बाजूनं डिंकानं ओली, वरून कूलरचा वारा, तोही एकाच दिशेनं, आणि मध्ये रात्री कूलर बंद झाला की कोरडी हवा. ती शीट त्या दोन दिवसात किती वेळा फुगली-आकसली असेल. ती आकसताना पंखाला ओढत होती आणि त्याच अवस्थेत दुसऱ्या बाजूची शीट लावून तुम्ही डबा बंद केला.

इथं खरी मेख आहे. वर्तमानपत्राची पुंगळी करा, कडा न चिकटवता हातात धरून पिळा. कशीही पिळेल. आता कड लांबीभर टेपनं चिकटवा आणि पिळा. पिळत नाही, दांडका झाला. पंखाची लीडिंग एज, वरची शीट, खालची शीट आणि स्पारमधले वेब (उभ्या पट्ट्या) मिळून हीच पुंगळी होते, डी-बॉक्स म्हणतात तो. शेवटची शीट चिकटेपर्यंत पंख चिखलासारखा, हवा तसा वळवा. ती चिकटली की ज्या आकारात असेल त्या आकारात कायमचा. म्हणून शेवटची शीट लावताना पंख टेबलावर घट्ट टाचलेला पाहिजे आणि ट्रेलिंग एजखाली वॉशआउटचा ठोकळा पाहिजे. तुमच्या रिबांना खाली बारीक टॅब होते का? ते टॅब त्यासाठीच असतात. माझी खात्री आहे की उजव्या पंखाचे टॅब तुम्ही लवकर कापले.

तुमचे नऊ आणि सात. टोकाला पंखाची रुंदी तुमच्या स्केलला १७० मिमीच्या आसपास असणार. १७० वर ३ मिमी म्हणजे १ डिग्री. डावा १ डिग्री एका बाजूला, उजवा पाऊण डिग्री दुसऱ्या बाजूला, एकूण पावणेदोन डिग्रीचा फरक. पीळ स्पारभोवती असतो, त्यामुळं डाव्याची पुढची कड जरा खाली आणि उजव्याची जरा वर गेली, आणि तुम्ही नेमकं तिथंच मोजलं. ते दोन मिमी तिकडं गेले.

उरलेले सात मिमी ब्रेसचे आहेत. ब्रेस पंखात किती आत जातो? समजा ११० मिमी. तर त्या खोबणीत दीड मिमी ढिला असला की ५६० च्या टोकाला सात होतात. तुम्ही ब्रेस आत जात नाही म्हणून घासला असणार, आणि घासताना जरा जास्तच जोर आला असणार. घासायची गरज नव्हती, आता उलट भरायची आहे. जिथं फट दिसते तिथं प्लायची पत्ती घाला, नुसत्या इपॉक्सीनं फट भरू नका.

आणि हे लक्षात ठेवा, डायहेड्रलचा पाऊण डिग्रीचा फरक बघायला वाईट दिसतो पण उडायला चालून जातो. पिळाचं तसं नाही. परभणीकरांच्या विमानाचं काय झालं ते परत वाचा. उजव्या टोकाला कोन जास्त म्हणून उचल जास्त, म्हणून वेगात डावीकडं झुकतं. ट्रिम दिला की सरळ, आणि इथंच माणूस फसतो. कारण वेग कमी झाला, नाक वर केलं की ज्या टोकाला कोन जास्त तेच आधी स्टॉल होणार, म्हणजे त्याची उचल एकदम जाणार. उडताना डावीकडं ओढणारं विमान लँडिंगला उजवीकडं आपटतं. ट्रिमनं तुम्ही फक्त लक्षण झाकलं.

नांदेड_ग्लायडर

मी जरा वेगळं म्हणणारे, काका रागावू नका.

शीट कापायचं सांगणार आहात हे दिसायलंय मला, पण नवीन माणसाला तयार पंख कापायला लावणं रिस्की आहे. माझ्या दोन मीटरच्या ग्लायडरला टोकाला ४ मिमी पीळ होता, मी फिल्म लावल्यावर एका मैत्रिणीला पंख उलट्या बाजूला पिळून धरायला लावला, जरा जास्तच पिळून, अन् मी वर-खाली दोन्हीकडून इस्त्री फिरवली. फिल्म आकसून तशीच बसली. दोन सीझन झाले, अजून सरळ आहे. फक्त उन्हात गाडीत ठेवला की परत चेक करावा लागतो.

दुसरं म्हणजे दोन्ही एलरॉन न्यूट्रलला दीड-दोन मिमी वर ठेवायचे. टोकाला वॉशआउट दिल्यासारखंच होतं, वॉरबर्डवाले (लढाऊ विमानांची मॉडेलं करणारे) सर्रास करतात. थोडा ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, वाढू दे की.

अन् दादा, पंखाचं क्षेत्रफळ काढलंस का? खऱ्या हरिकेनचं साधारण २३.९ चौरस मीटर, १/८ ला भागिले ६४, म्हणजे तुझं ३७ चौरस डेसीमीटरच्या जवळ. वजन २.६ किलो धरलं तर एका चौरस डेसीमीटरला ७० ग्रॅम. माझ्या ग्लायडरला २५ पण नाही. त्यामुळं माझी चूक मला माफ झाली, तुझी होणार नाही, हे मात्र मान्य.

वाळूज_फिटर

रागावण्यासारखं काही नाही, तुझी दोन्ही औषधं खरी आहेत, फक्त पहिलं या रोग्याला लागू नाही. तुझा ग्लायडर उघड्या रिबांचा, म्हणजे पुंगळीला टेप लावलेला नाही, तिथं फिल्मच टेपचं काम करते म्हणून इस्त्री चालते. याच्या पंखावर दीड मिमी बाल्सा आहे. त्यावर फिल्म कितीही ओढली तरी बैलगाडीला दोरा बांधून ओढल्यासारखं. एलरॉन वर ठेवायचं औषध चांगलं आहे, पण दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर. वाकड्यावर दोन्ही एलरॉन वर केले तर वाकडेपणा तसाच राहतो.

लातूरकर, आता ऐका. पंख टाकायचा नाही. खालच्या बाजूची शीट स्पारच्या जरा पुढं, मुळापासून टोकापर्यंत एका सरळ रेषेत चिरायची. नवीन ब्लेड, स्टीलची पट्टी, आणि एका दमात खोल नाही, हलक्या हातानं चार-पाच वेळा. स्पार दिसत नसेल तर रात्री पंखामागं मोबाइलचा टॉर्च धरा, बाल्सातून सावली दिसते. स्पारला ब्लेड लागता कामा नये, तेवढं जपा. चिरायच्या आधी त्या रेषेवर आडव्या बारीक खुणा करा, पेन्सिलनं नाही, ब्लेडच्या टोकानं, दर १०० मिमीला एक.

चिरल्यावर पंख हातात घेऊन पिळून बघा. परत चिखल झालेला असेल. मग टेबलावर ठेवून मूळ बाजू पक्की दाबा, टोकाला ट्रेलिंग एजखाली ठोकळा. प्लॅनला ३ मिमी हवाय ना, तर साडेचारचा ठोकळा घाला, कारण सोडल्यावर थोडं परत येतं. वर वजन ठेवायचं ते इस्त्री, हातोडा, बॅटरी असलं टणक नको, ते एका जागी दाबतं. तुम्ही लातूरचे आहात, घरात तुरीच्या डाळीच्या किलो-किलोच्या पिशव्या असतीलच. डाळ पंखाच्या आकारावर बसते, सगळीकडं सारखा दाब.

मग चिरेत डिंक. फेव्हिकॉल नाही! पाण्याचं काहीही नाही. हळू वाळणारं इपॉक्सी बारीक पसरून, आणि चिरेवरून १० मिमीची पातळ बाल्साची पट्टी आतून लावता आली तर उत्तम, नाही तर वरून फायबरग्लासच्या कापडाची पट्टी. कूलर बंद. पहाटे पाचला करा, तेव्हा हवा बरी असते. दुपारी इपॉक्सी कालवलंत तर पाकिटावर तीस मिनिटं लिहिलेलं पंधरा मिनिटात दगड होतं. आणि कपात ढीग ठेवू नका, ढिगात ते स्वतःच्याच गर्मीनं उकळतं, जुन्या स्टीलच्या ताटलीत पातळ पसरवा.

चिरेवरच्या त्या खुणा नंतर भिंगातून बघा. केसभर सरकलेल्या दिसतील, लांबीच्या दिशेनं. तेवढंच. तो केसभर फरक डब्यात अडकला की टोकाला पाच मिमी होऊन बाहेर येतो.

परभणी_१०९

काका हे मला दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलं 😭

वाळूज_फिटर

विचारलं का?

नांदेड_ग्लायडर

जोडतानाची एक टीप माझी. डायहेड्रल दोन्हीकडं सारखा आहे का हे टेबलावरून मोजू नको, टेबलच कुठं सरळ असतंय आपलं. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घे, एक टोक डाव्या पंखाच्या टोकाला, एक उजव्या. मधला भाग आधी लेव्हल कर अन् मग दोन्हीकडचं पाणी बघ. हवेचा बुडबुडा राहू देऊ नको, नाहीतर उगं गोंधळ. आमच्या घराच्या स्लॅबच्या वेळी मिस्त्रीनं माझ्यासमोर दाखवलं होतं, मी तेव्हाच ठरवलं हे पंखाला वापरायचं.

अन् मागं-पुढं झालंय का ते बघायला, शेपटीच्या मधोमध टाचणी लावून तिथून दोन्ही पंखांच्या टोकापर्यंत दोरा. न ताणणारा घे, चांभाराचा मेणाचा दोरा बेस्ट.

जोडल्यावर डावी-उजवी बाजू वजनाला पण तोल. नाक अन् शेपटी बोटावर धरून बघ कुठला पंख खाली जातो. चिर दुरुस्त केलेला पंख इपॉक्सीमुळं जड होणार, दुसऱ्या टोकाला एखादं शिसं लागंल. हे हलकं-जडचं दुखणं पिळापेक्षा वेगळं ओळखू येतं. सरळ उडताना ट्रिमनं दबतं, पण जोरात वर खेचलं, लूप मारला, की जड बाजू खाली पडते.

लातूरकर_हरिकेन

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, बारा दिवस झाले.

फिटर सर, टॅब मीच कापले होते. पंख टेबलावर सपाट बसंना म्हणून. आता कळलं की तो सपाट बसायला नकोच होता.

गेल्या रविवारी पहाटे उठलो, कूलर बंद केला, बायको म्हणली आज सूर्य कुठून उगवला. टॉर्च मागं धरला तर खरंच सगळा सांगाडा दिसतोय, रिबा, स्पार, वेब, एका ठिकाणी तर माझा डिंकाचा थेंब ओघळलेला दिसला. चिरायला लागलो तेव्हा हात कापत होते. चार फेऱ्या झाल्या तरी काही नाही, पाचव्या फेरीला मुळाकडून आवाज आला, टच्च, अन् चीर आपोआप टोकाकडं पळत गेली. मी ब्लेड टाकून मागं सरकलो. दोन मिनिटं पंखाकडं बघतच नव्हतो. मग हातात घेतला तर सर खरंच, चिखल. जो पंख इतके दिवस दगड होता तो दोन बोटांनी पिळायलाय.

साडेचारचा ठोकळा, सात किलो डाळ (पाच घरची, दोन शेजारून आणली, शेजारच्या काकूंना विमानाच्या पंखाला पाहिजे म्हणून सांगितलं तर त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं). दुसऱ्या दिवशी काढलं तर अडीच मिमी वॉशआउट. डावा तीन. खुणा भिंगातून बघितल्या. केसभर म्हणजे किती, तर पोरीच्या शाळेच्या भिंगातून बघितल्यावरच कळतंय की रेघ तुटलीय. याच्यासाठी मी पंख टाकायला निघालो होतो.

अर्धा मिमी चालंल का, का परत चिरू?

वाळूज_फिटर

चिरू नका! परत ब्लेड हातात घेतलंत तर बघा. अर्धा मिमी म्हणजे डिग्रीचा सहावा भाग, चालतो. तेवढा फरक तर एलरॉनच्या बिजागरीत पण येतो. जोडा आता.

लातूरकर_हरिकेन

जोडला! आज पहाटे.

प्लायची पत्ती घासून घासून ब्रेसच्या फटीत बसवली, कोरडं लावून तीनदा बघितलं, मग इपॉक्सी ताटलीत पसरून. पाण्याच्या नळीनं दोन्ही टोकं बघितली, नळीतलं पाणी दिसंना म्हणून त्यात पोरीच्या वॉटरकलरमधला निळा टाकला, आता एकदम स्पष्ट. स्पारवर डावा ३५, उजवा ३५ अन् वर एक केस. दोरा पण दोन्हीकडं सारखा. मधल्या सांध्यावर फायबरग्लासची ५० मिमी पट्टी फिरवली, कारण चाकं तिथंच बसणार अन् आमचं ग्राउंड म्हणजे काळ्या मातीचं रान, उन्हाळ्यात भेगा अशा की अख्खं चाक आत जाईल.

खऱ्या हरिकेनची चाकं रुंद अंतरावर होती म्हणून खडबडीत पट्टीवर चालायची म्हणतात. परभणी भाऊ, तुमच्या १०९ ची जवळजवळ होती ना? मग तुरीच्या रानात कशाला उतरवलं.

एकच घोळ झाला. वजनाला ठेवलेल्या डाळीच्या पिशव्यांतली एक सांध्याच्या जवळ सरकली अन् फायबरग्लासला चिकटली. खाली प्लास्टिक टाकायला विसरलो. पिशवी शेजारच्या काकूंची होती. डाळ काढून परत दिली, पिशवीचं प्लास्टिक अजून पंखाच्या पोटाला आहे, त्यावर अर्धं नाव दिसतंय गिरणीचं. उद्या सँडपेपरनं काढतो. एलरॉनच्या बिजागऱ्यांचं विचारायचंय पण ते वेगळ्या धाग्यात टाकतो.

परभणी_१०९

नाव काढू नको. इंफाळला पण रसद लागतच होती.